कंटेनरमधील माहितीचे जतन

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ह्यूस्टनच्या दिशेने निघाले. माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाने त्या जहाजावर धातूच्या ५८ मोठ्या पेट्या चढवल्या होत्या. त्या काळी जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती, पिंपे आणि खोकी हमालांनी एकेक करून उचलायची, अशीच सर्वसाधारण रीत होती. मॅक्लीनच्या पद्धतीत माल एकदा पेटीत भरला, की ती पेटी जशीच्या तशी ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर जात असे. हीच पेटी म्हणजे कंटेनर. मुंबईजवळचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे एकावर एक रचलेल्या कंटेनरांच्या रंगीत थप्प्या पाहिल्या, की या साध्या पेटीने जगाचा व्यापार किती बदलून टाकला, हे ध्यानात येते.

पुढे संगणकाच्या क्षेत्राने हा शब्द उसना घेतला. आज्ञावली आणि तिला लागणारी सर्व सामग्री एका बंद पेटीत भरावी आणि ती पेटी कोणत्याही संगणकावर नेऊन चालवावी, अशी ही कल्पना आहे. मात्र बंदरातील कंटेनर आणि संगणकातील कंटेनर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बंदरातला कंटेनर रिकामा केला, तरी आतला माल मालकाच्या हाती येतो. संगणकातला कंटेनर काढून टाकला, की त्याच्या आत साठलेली माहितीही त्याच्याबरोबर नाहीशी होते. म्हणूनच जी माहिती टिकली पाहिजे, ती कोठे ठेवावी, हा प्रश्न कंटेनर वापरणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो.

कंटेनर म्हणजे काय?

कोणतीही आज्ञावली एकटी चालत नाही. तिला इतर साहाय्यक फाइली लागतात, विशिष्ट आवृत्तीची साधने लागतात आणि ठरावीक मांडणी लागते. एका संगणकावर व्यवस्थित चालणारी आज्ञावली दुसऱ्या संगणकावर अडते, ती बहुधा यांपैकी एखादी गोष्ट वेगळी असल्यामुळे. कंटेनर ही अडचण दूर करतो. आज्ञावली आणि तिचा सारा लवाजमा एकत्र बांधला जात असल्यामुळे ती कोठेही नेली, तरी तिच्याभोवतीचे वातावरण तेच राहते.

एका संगणकाच्या आत दुसरा संपूर्ण संगणक भासवण्याची पद्धत याहून जुनी आहे. तीत प्रत्येक भासमान संगणकाला स्वतःची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम लागते. कंटेनरला तशी गरज नसते. यजमान संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तोच सर्व कंटेनर मिळून वापरतात. एखाद्या वाड्यातील बिऱ्हाडे वेगळी, परंतु पाया आणि भिंती सामायिक असाव्यात, तशी ही रचना असते. त्यामुळे कंटेनर वजनाला हलका असतो आणि काही क्षणांत सुरू होतो.

ही कल्पना एका दिवसात जन्माला आली नाही. १९७९ साली युनिक्स प्रणालीत एखाद्या आज्ञावलीला फाइलींचा ठरावीक भागच दिसावा, अशी सोय आली. २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत ती अधिक पक्की झाली. २००८ साली लिनक्सच्या कर्नेलमध्ये प्रत्येक गटाने किती साधने वापरावीत, यावर मर्यादा घालण्याची व्यवस्था दाखल झाली. या सर्वांचा मेळ घालून सामान्य प्रोग्रॅमरला सहज वापरता येईल असे ‘डॉकर’ हे साधन २०१३ साली लोकांपुढे आले आणि कंटेनरचा प्रसार वेगाने झाला.

पुसला जाणारा थर

कंटेनरमधील माहिती का नाहीशी होते, हे समजण्यासाठी त्याची घडण पाहिली पाहिजे. प्रत्येक कंटेनर एका इमेजपासून तयार होतो. इमेज म्हणजे साचा होय. ती एकावर एक रचलेल्या थरांची बनलेली असते. एका थरात ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूलभूत फाइली, दुसऱ्यात साहाय्यक साधने, तिसऱ्यात प्रत्यक्ष आज्ञावली, अशी ही रचना असते. हे सर्व थर केवळ वाचण्यासाठी असतात. त्यांत काहीही लिहिता येत नाही.

कंटेनर सुरू होताना या थरांच्या वर एक पातळ, लिहिता येण्याजोगा थर चढवला जातो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसेच हे आहे. वरून पाहणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्रच दिसतात, परंतु मूळ नकाशावर एकही रेघ उमटलेली नसते. खालच्या थरातील एखादी फाइल बदलायची झाली, तर तिची प्रत आधी वरच्या थरात आणली जाते आणि बदल त्या प्रतीत होतो.

कंटेनर नुसता थांबवला, तर हा पारदर्शक कागद जागच्या जागी राहतो. तोच कंटेनर पुन्हा सुरू केला, की खुणा पूर्वीप्रमाणे दिसतात. मात्र कंटेनर काढून टाकला, की कागदही फेकला जातो. त्याच इमेजपासून नवा कंटेनर बनवला, तर त्याला नवा, कोरा कागद मिळतो. ‘थांबवणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांतील हा फरक नवशिक्यांच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळदा नुकसानीचे मूळ येथेच असते.

ही रचना म्हणजे दोष नव्हे. ती हेतुपूर्वक केलेली आहे. कंटेनर बिघडला तर त्याची दुरुस्ती करत न बसता तो काढून टाकावा आणि नवा लावावा, कामाचा भार वाढला तर त्याच साच्याचे आणखी दहा कंटेनर उभे करावेत, आज्ञावलीची नवी आवृत्ती आली तर जुन्याच्या जागी नव्या इमेजचा कंटेनर बसवावा, हेच या पद्धतीचे बळ आहे. कंटेनर सहज फेकता येतो म्हणूनच तो उपयुक्त ठरतो. मात्र फेकण्याच्या वस्तूत ठेवण्याची वस्तू राहू नये, हे पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

एक उदाहरण

समजा, एका अभ्यासकेंद्राने आपल्या ३०० विद्यार्थ्यांची नावे, हजेरी आणि शुल्काच्या नोंदी ठेवण्यासाठी एक आज्ञावली बनवून घेतली. ही आज्ञावली एका कंटेनरमध्ये चालते आणि सर्व नोंदी एसक्यूलाइट पद्धतीच्या एकाच फाइलीत लिहिते. ती फाइल कंटेनरच्या आतच आहे. सहा महिने काम सुरळीत चालते. मधल्या काळात वीज जाते, संगणक बंद होतो, पुन्हा सुरू केला जातो. कंटेनर तोच असल्यामुळे नोंदी शाबूत राहतात आणि व्यवस्था भक्कम आहे, असा सर्वांचा समज होतो.

मग एके दिवशी आज्ञावलीची सुधारित आवृत्ती येते. संगणक सांभाळणारा कर्मचारी शिकवल्याप्रमाणे जुना कंटेनर काढून टाकतो आणि नव्या इमेजपासून नवा कंटेनर सुरू करतो. पडद्यावर कोणतीही चूक दाखवली जात नाही. आज्ञावली पूर्वीपेक्षा वेगाने उघडते. फक्त विद्यार्थ्यांची यादी रिकामी असते.

येथे यंत्राने काहीही चुकीचे केलेले नाही. कर्मचाऱ्यानेही सांगितले तेच केले. चूक सहा महिन्यांपूर्वी, पहिल्या दिवशीच झाली होती. नोंदींची फाइल कोठे राहणार, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नव्हता. आज्ञावली पुन्हा मिळवता येते, कारण तिची इमेज जपून ठेवलेली असते. सहा महिन्यांची हजेरी मात्र कोणत्याही इमेजमध्ये नसते.

माहिती ठेवण्याच्या तीन जागा

डॉकरमध्ये कंटेनरच्या लिहिण्याच्या थराबाहेर माहिती ठेवण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग व्हॉल्यूमचा. व्हॉल्यूम म्हणजे डॉकरने स्वतःच्या देखरेखीखाली ठेवलेली साठवणीची स्वतंत्र जागा. कंटेनरच्या आतील एखाद्या फोल्डरशी ती जोडली जाते. आज्ञावलीला वाटते, की आपण नेहमीच्या फोल्डरातच लिहीत आहोत. प्रत्यक्षात ते लेखन कंटेनरबाहेर साठत असते. कंटेनर काढून टाकला तरी व्हॉल्यूम राहतो आणि नव्या कंटेनरला तो जोडता येतो. वरील उदाहरणातील अभ्यासकेंद्राने नोंदींच्या फोल्डराला असा व्हॉल्यूम जोडला असता, तर नव्या आवृत्तीतही ३०० नावे जशीच्या तशी दिसली असती.

दुसऱ्या मार्गाला बाइंड माउंट म्हणतात. यात यजमान संगणकावरील एखादा नेहमीचा फोल्डर थेट कंटेनरला दाखवला जातो. त्यातील फाइली संगणकावर उघडून पाहता येतात, बदलता येतात. म्हणून आज्ञावली लिहिण्याच्या काळात प्रोग्रॅमर हा मार्ग पसंत करतात. मात्र यात कंटेनर त्या विशिष्ट संगणकाच्या मांडणीशी बांधला जातो. शिवाय कंटेनरमधील ज्या फोल्डरावर असा फोल्डर जोडला जातो, त्यातील इमेजच्या फाइली झाकल्या जातात. रिकामा फोल्डर जोडला, तर आत काहीच नाही असे आज्ञावलीला दिसते. याउलट, डॉकरचा नवा, रिकामा व्हॉल्यूम पहिल्यांदा जोडताना इमेजमधील त्या फोल्डरातील फाइली त्यात आपोआप उतरवल्या जातात.

तिसरा मार्ग तात्पुरत्या साठवणीचा. लिनक्सवर कंटेनरला संगणकाच्या मेमरीतील थोडी जागा फोल्डरासारखी वापरायला देता येते. कंटेनर थांबताच तेथील सर्व काही पुसले जाते. जी माहिती डिस्कवर उतरूच नये, उदाहरणार्थ गुप्त किल्ल्या किंवा क्षणभर लागणाऱ्या फाइली, तिच्यासाठी हा मार्ग योग्य होय. जतन करायच्या नोंदींसाठी तो कधीही वापरू नये.

नाव असलेले आणि नाव नसलेले व्हॉल्यूम

व्हॉल्यूम दोन प्रकारचे असतात. वापरणाऱ्याने ‘केंद्रनोंदी’ असे काही नाव देऊन तयार केलेला तो नामांकित व्हॉल्यूम. नाव न दिल्यास डॉकर स्वतःच ६४ अक्षरांचे एक लांबलचक, अर्थहीन नाव त्याला देते. असा व्हॉल्यूम अनामिक होय.

हा भेद वरवर किरकोळ वाटतो, परंतु त्यामुळे मोठा गोंधळ होऊ शकतो. पोस्टग्रेसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसच्या अधिकृत इमेजमध्ये माहितीच्या फोल्डरासाठी व्हॉल्यूम असावा, अशी सूचना आधीच लिहिलेली असते. वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर डॉकर अनामिक व्हॉल्यूम बनवते. पुढे कंटेनर काढून नवा लावला, की नव्या कंटेनरला दुसरा, रिकामा अनामिक व्हॉल्यूम मिळतो. जुनी माहिती डिस्कवर कोठेतरी असते, पण ती कोणत्या नावाखाली आहे, हे कळत नाही. पावती न घेता सामानघरात ठेवलेल्या सामानासारखी तिची अवस्था होते.

पुढचा धोका साफसफाईचा असतो. डिस्कवरील जागा मोकळी करण्यासाठी न वापरले जाणारे व्हॉल्यूम पुसण्याची आज्ञा डॉकरमध्ये आहे. २०२३ साली आलेल्या २३व्या आवृत्तीपासून ही आज्ञा मूळ स्वरूपात केवळ अनामिक व्हॉल्यूम पुसते. नामांकित व्हॉल्यूम पुसण्यासाठी वेगळे सांगावे लागते. म्हणजे माहितीला नाव देणे हे तिचे पहिले संरक्षण ठरते. असे असले, तरी डॉकर कंपोज या साधनाने अनेक कंटेनर एकदम उतरवताना व्हॉल्यूमही काढावेत असा पर्याय जोडला, तर त्या मांडणीतील नामांकित व्हॉल्यूमही पुसले जातात. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी ती दोनदा वाचावी, हा नियम येथेही पाळला पाहिजे.

जतन करताना घ्यायची काळजी

व्हॉल्यूम जोडला म्हणजे सर्व काम झाले, असे नाही. काही गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट जागेची. आज्ञावली नेमकी ज्या फोल्डरात लिहिते, त्याच फोल्डराला व्हॉल्यूम जोडलेला असावा लागतो. एका अक्षराची चूक झाली, तरी व्हॉल्यूम रिकामा राहतो आणि माहिती दुसरीकडे साठत जाते. या जागा कायमच्या नसतात. पोस्टग्रेसक्यूएलच्या अधिकृत इमेजमध्ये १८व्या आवृत्तीपासून व्हॉल्यूम जोडण्याची जागा बदलली आहे. म्हणून आवृत्ती बदलताना इमेजसोबतच्या सूचना वाचाव्यात. शिवाय या डेटाबेसची एका मुख्य आवृत्तीने लिहिलेली साठवण पुढची मुख्य आवृत्ती थेट वाचू शकत नाही. ती रूपांतरित करावी लागते.

दुसरी गोष्ट परवानगीची. लिनक्समध्ये फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखला जातो. कंटेनरमधील आज्ञावलीचा क्रमांक आणि बाहेरील फोल्डराच्या मालकाचा क्रमांक जुळला नाही, तर आज्ञावलीला लिहिता येत नाही. अशा वेळी सर्वांनाच सर्व परवानग्या देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि योग्य मालकाची नोंद करावी.

तिसरी गोष्ट सामायिक वापराची. एकच व्हॉल्यूम अनेक कंटेनरांना जोडता येतो. वाचण्यापुरते हे ठीक आहे. परंतु दोन डेटाबेस एकाच साठवणीत एकाच वेळी लिहू लागले, तर नोंदी बिघडतात. एकाच वहीत दोघांनी एकमेकांकडे न पाहता एकाच ओळीवर लिहावे, तसा तो प्रकार होतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हॉल्यूम ही राखीव प्रत नव्हे. साधा व्हॉल्यूम त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर असतो. डिस्क निकामी झाली, संगणक चोरीला गेला किंवा कोणी चुकून नोंदी पुसल्या, तर व्हॉल्यूम त्यांना वाचवू शकत नाही. म्हणून ठरावीक काळाने माहितीची प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवली पाहिजे. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून नक्कल केली, तर अर्धवट लिहिलेल्या नोंदी प्रतीत येऊ शकतात. त्यासाठी त्या त्या डेटाबेसने दिलेले प्रत काढण्याचे साधन वापरावे. काढलेली प्रत अधूनमधून एखाद्या वेगळ्या कंटेनरमध्ये उतरवून पाहावी. जी प्रत कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते.

अनेक संगणकांवरची व्यवस्था

मोठ्या संस्थांचे काम एका संगणकावर भागत नाही. तेथे शेकडो कंटेनर अनेक संगणकांवर पसरलेले असतात आणि त्यांची वाटणी ‘कुबरनेटीस’सारखी प्रणाली करते. ही प्रणाली गूगलने २०१४ साली जाहीर केली आणि तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ साली आली. एखादा संगणक बंद पडला, तर त्यावरील कंटेनरांच्या जागी ती दुसऱ्या संगणकावर नवे कंटेनर उभे करते. पण पहिल्या संगणकाच्या डिस्कवरील माहिती त्यांच्याबरोबर जात नाही. त्यामुळे येथे साठवण कोणत्याही एका संगणकात न ठेवता जाळ्यावरून जोडता येईल अशा जागी ठेवणे श्रेयस्कर ठरते.

कुबरनेटीसची पद्धत कार्यालयातील भांडारासारखी आहे. आज्ञावली चालवणारा थेट डिस्क मागत नाही. त्याला किती जागा हवी आणि ती कशी वापरायची आहे, हे तो एका मागणीपत्रात लिहितो. या मागणीपत्राला परसिस्टंट व्हॉल्यूम क्लेम म्हणतात. भांडारातील जी जागा या मागणीला जुळते, ती परसिस्टंट व्हॉल्यूम या नावाने त्याला मिळते. जुळणारी जागा आधी तयार नसेल, तर ठरवून दिलेल्या प्रकारानुसार ती मागणीनंतर आपोआप तयार करता येते.

मागणीपत्र रद्द झाल्यावर त्या जागेचे काय करायचे, हेही आधी ठरवावे लागते. ती राखून ठेवावी किंवा पुसून टाकावी, असे दोन पर्याय असतात. आपोआप तयार झालेल्या जागेसाठी वेगळे काही सांगितले नसेल, तर पुसून टाकण्याचा पर्याय लागू होतो. म्हणून मोलाच्या नोंदींसाठी राखून ठेवण्याचा पर्याय आठवणीने निवडावा लागतो. पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न येथेही सुटत नाही. फक्त त्याचे रूप बदलते.

समारोप

कंटेनरने संगणकाच्या जगाला एक मोलाचा धडा दिला. टिकाऊ काय आणि तात्पुरते काय, यांची सरमिसळ केली, की दोन्हींची हानी होते. आज्ञावली तात्पुरत्या पेटीत आणि माहिती स्वतंत्र, नाव दिलेल्या, प्रत काढलेल्या जागी, अशी विभागणी केली, तर पेटी कितीही वेळा बदलली, तरी काम अडत नाही.

ही विभागणी यंत्र स्वतःहून करत नाही. विद्यार्थ्याची हजेरी आणि क्षणभरासाठी बनलेली फाइल यांतील फरक संगणकाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच असतात. एखाद्याच्या परीक्षेचा प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा दाखला ज्या नोंदीवर अवलंबून आहे, तिचे मोल माणसालाच ठाऊक असते. म्हणून नवा कंटेनर सुरू करण्यापूर्वी ‘हा उद्या काढून टाकला, तर यातले काय गमवून चालणार नाही?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे जे उत्तर येईल, ते कंटेनरच्या बाहेर ठेवावे.